पुलापलीकडची रेड वाइन

"मॅडम, टँक बंद पडलाय," आमच्या वायनरीचे मालक, सर, फोनवर म्हणाले, तेव्हा मी रोहण्याला, माझ्या गावी, मांडवात बसले होते आणि दोन काकू मिळून मला हळद फासत होत्या. लग्न भावाचं, पण आमच्याकडे हळद हाती लागेल त्याला.

मी वाइनमेकर. नाशिककडच्या एका खोऱ्यात, धरणामागच्या उतारावर आमची छोटी वायनरी आहे. तिथे दिवसा ऊन कडक आणि रात्री थंडी, त्यामुळे द्राक्ष गोड होतं आणि त्याचा आंबटपणाही टिकतो. त्या वर्षी हट्टाने मी नॅचरल रेड वाइनचा पहिला टँक भरला होता. नॅचरल म्हणजे वरून काही घालायचं नाही. द्राक्षाच्या सालीवर मुळातच यीस्ट असतं, त्यानेच रस आंबवायचा. ते अर्ध्यात थांबलं की टँक बंद पडला म्हणतात; रस गोड राहतो आणि पुढे त्याचं व्हिनेगर होतं.

"संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर पाकिटातलं यीस्ट घालतो," सर म्हणाले. म्हणजे लेबलवरून नॅचरल शब्द गेला आणि माझी सगळी भुणभुण पाण्यात. "मी कामासाठी अमरावतीला आलोय. सॅम्पल गाडीत आहे. घरीच आणतो."

"सर, अजिबात नको. आमचा जिल्हा दारूबंदीचा. भावाच्या लग्नात पोलीस नकोत मला. नदीच्या पुलापलीकडेच थांबा, तो अमरावती जिल्हा."

तोंड तेवढं धुतलं आणि बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसले.

"लोकं इचारतीन ना, हळदीची पोरगी कुठं चालली म्हणून," बाबा म्हणाले.

"ऑफिसचं काम म्हणा."

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. गावात ते सांगतात, पोरगी द्राक्षाच्या कंपनीत आहे. खोटं नाहीच ते.

पुलापलीकडे सरांनी बॉनेटवर ग्लास ठेवून वाइन ओतली. मी ग्लास नाकाशी नेला. मातकट, कडवट वास.

"सर, गेला टँक. बॅक्टेरिया लागले."

"काल तर मला छान वाटली हो." सरांचा चेहरा उतरला.

मी पुन्हा वास घेतला. तेच. रडूच कोसळलं मला. ग्लास बॉनेटवर ठेवून डोळे पुसायला हात वर नेला, तर तोच मातकट वास. ग्लासही नव्हता हातात. कोपरापर्यंत हळद थापलेली, आणि मी बाई त्याच हाताने वाइन तपासत होते. सरांच्या बाटलीतलं पाणी संपलं तरी ती हळद निघेना.

"बाबा, ग्लास तुम्ही धरा माझ्या नाकाशी."

"मी? काऊन? पंचशील घेतलं हाये मी, दारू चालत नाई."

"प्यायची नाही, नुसती धरायची."

बाबांनी लांब हात करून ग्लास धरला, तोंड नदीकडे. लोकाचं ओलं पोर धरावं तसा. मी वास घेतला. जांभळासारखा, ताजा, स्वच्छ. घोट घेतला, तोंडात घोळवला. गोड होती, पण व्हिनेगरची झोंब कुठेच नव्हती. मी थुंकले.

"थुकून राह्यली? खराब हाये काय?"

"मस्त आहे बाबा. चाखून थुंकायचंच असतं आमच्यात."

"हे बेस हाये. मंग शील बी मोडत नाई."

सरांना मी सांगितलं, "यीस्ट मेलेलं नाही, थंडीने गारठलंय. टँकला रजया गुंडाळायला सांगा. आणि आपल्याच द्राक्षांचा छोटा ड्रम जोरात फसफसतोय ना, त्यातली बादलीभर वाइन यात ओता. विरजणासारखं. पाकीट नको."

दुसऱ्या दिवशी वरात निघाली आणि सरांचा व्हिडिओ आला. टँकवर जांभळा फेस, काठोकाठ. मी बँडसमोर अशी नाचले की नवरीकडचे विचारू लागले, ही कोण? बाबांनी अभिमानाने सांगितलं, "आमची पोरगी. तिचं ऑफिसचं काम झालं."

वाइन बाटलीत भरली गेली. लेबलवर छापलं, 'द्राक्षांशिवाय यात काहीही घातलेलं नाही.' पहिली बाटली मी घरी दिली. धुऊन, रिकामी, दारूबंदीत तेवढंच चालतं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवतात.

मी मात्र एक शिकले. वाइनला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या हाताचा वास घ्यावा.