बोळातला फटका

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी गार वारा. साबण आणि काडेपेट्या आणल्या. दुपारी शिट्टी मॅडम बोळात उभ्या राहून दोन्ही हात पसरू लागल्या, तर हात पुरते पसरण्याआधीच तळवे दोन्हीकडच्या भिंतींना टेकले. भिंगरी रडली नाही. पण जेवलीही नाही, असे तिची आई म्हणाली.

रोजनिशीत त्या दिवशी मी एवढेच लिहिले. भिंगरी आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी. लहानपणी अंगणात स्वतःभोवती गरगर फिरायची, धपकन पडायची आणि उठून पुन्हा फिरायची. तेव्हा पडलेले हे नाव शाळेचा हजेरीपट सोडून सगळीकडे चालते. आता ती अकरावीत आहे. हाडापेराने मजबूत, बोलायला तिखट. तिचे वडील लिफ्टदुरुस्तीचे काम करतात. सकाळी ते घरी असतात, दुपारी बाहेर पडतात, आणि कुठली लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नसल्यामुळे त्यांच्या परतण्याचाही नसतो. आई एका आजारात कमरेखाली अधू झाली. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या पलंगावर असते. काही हवे असले की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवते. सकाळी त्या आवाजाला नवरा धावतो, शाळा सुटली की मुलगी. तिसऱ्या माणसाने तिचे काही केलेले तिला चालत नाही.

त्यामुळे चमच्याचा आवाज पोचेल तेवढेच भिंगरीचे जग. दोन खोल्या, जिना आणि पलंगामागचा बोळ.

हा बोळ आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मध्ये आहे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्यावरच उघडते, म्हणून तिचा खेळ मी पहिल्यापासून पाहिला. शाळेत सॉफ्टबॉल सुरू झाला तेव्हा इतर मुली शाळा सुटल्यावर मैदानावर थांबत, ही धावत घरी येई. मग बापलेकींनी जुन्या मोज्यात चेंडू कोंबून तो पाण्याच्या पाइपाला टांगला. वडिलांनी बॅट हातात घेऊन अंदाज घेतला आणि म्हणाले, "कोपर बरगडीला चिकटवून ठेव. भिंतीला बॅट लागली तर आईच्या अंगावर प्लास्टर पडेल." एकदा पडलेही. आई केसांतली पांढरी खडी झटकत म्हणाली, "लग्नात अक्षतासुद्धा एवढ्या नव्हत्या पडल्या." सगळे हसले, पण त्यानंतर भिंगरीची बॅट भिंतीला कधी लागली नाही.

पोरीच्या हातात जोर होता, नजर पक्की होती. ती शाळेच्या संघात आली. शिट्टी मॅडम म्हणजे खेळाच्या बाई, गळ्यात शिट्टी नसेल तर त्यांना कोणी ओळखणारही नाही. त्यांच्या मनात भिंगरीला खेळाच्या वसतिगृहात पाठवायचे होते. तिथे राहणे, जेवण, कॉलेज, खेळ सगळे एका ठिकाणी, आणि पुढे खेळाडू म्हणून नोकरीची वाट. निवड महिनाअखेरीला होती. अडचण एकच. अंगाजवळ येणारा चेंडू भिंगरी झकास मारी, पण अंगापासून लांबून जाणारा चेंडू तिच्याकडून मेलाच म्हणायचा. लागला तरी जमिनीवर घरंगळत जाई.

मॅडमनी फोनवर तिचे चित्रण केले आणि ते दाखवायला दोघी माझ्या घरी आल्या. खाली आईला सगळे ऐकू गेले असते. माझ्या जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून मॅडम चित्र मुंगीच्या पावलांनी पुढे सरकवू लागल्या.

"हे बघ. पाय बरोबर पडला. खांदा बंद आहे, अजून वळला नाही, छान. आता कंबर वळायला हवी आणि तिच्यामागून हात सुटायला हवेत. तू काय करतेस? कंबर अर्ध्यावरच थांबवतेस."

"मी नाही थांबवत. आपोआप थांबते."

"आपोआप लिफ्टसुद्धा थांबत नाही. विचार तुझ्या बाबांना."

"बाबांच्या सगळ्या लिफ्ट आपोआपच थांबतात, मॅडम. म्हणून तर ते घरी नसतात."

"तोंड चालतं तेवढे हात चालव. आजी, तुम्हाला काय दिसतंय?"

मला खेळातले काय कळणार? पण कॉन्व्हेंटमध्ये भरतकामाच्या सिस्टर आमचा टाका बघत नसत, मनगट बघत. म्हणून मीही तिचे मनगट बघितले. म्हटले, "कपडे धोपटावेत तशी वरून खाली मारते आहे. आणि जपून. शेजारी कोणीतरी उभं आहे आणि त्याला लागेल, अशी."

"शेजारी कोण? आख्खं मैदान मोकळं आहे!" मॅडम म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "तू घरी सराव कुठे करतेस गं?"

तेव्हा तिघी बोळात उतरलो आणि मॅडमनी हात पसरले. पुढचे त्यांनी फार हळू आवाजात सांगितले. बॅट भिंतीला लागू नये म्हणून ही मुलगी कमरेनेच ब्रेक लावायला शिकली होती. हात लांब करायचे नाहीत, हे अंगात इतके मुरले होते की मोकळ्या मैदानावरही तिच्या अंगाला भिंत दिसत होती.

"इथे पुन्हा बॅट उचलायची नाही," मॅडम म्हणाल्या. "आता रोज मैदानावर."

"आणि पेला वाजला तर?"

"मी बसेन तुझ्या आईजवळ," मी म्हटले.

तिच्या आईने हसून होकार दिला. "बसा की, काकू. गप्पा मारू. बाकी मला काही लागत नाही."

दुपारी मी खाली जाऊन बसू लागले. बाई बोलायला मोठी गमतीची. खोली रस्त्यापेक्षा खाली, म्हणून खिडकीतून फक्त पाय दिसत, तर पायांवरून ती माणसे ओळखी आणि त्यांच्या नकला करी. संध्याकाळी भिंगरी धुळीने माखून येई आणि दिवसभराचा धडा दाखवी. बॅट पाठीमागे आडवी धरून नुसती कंबर वळवायची. जुन्या टायरवर फटका मारायचा आणि हात पुरते लांब झाले की तिथेच थांबून बघायचे. शेवटी चेंडू लांब, हात नेल्याशिवाय लागणारच नाही इतका लांब, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर ठेवायचा. पहिल्या आठवड्यात ती नुसती चिडलेली होती. "चेंडू नसला की सगळं जमतं, आजी. चेंडू आला की कोपरं घरी पळतात." मग एके दिवशी आली ती जिन्यातूनच ओरडत.

"लागला! लांबचा लागला!"

"हळू," आई म्हणाली, "लोकांना वाटेल मला काही झालं."

"आई, बरोबर लागला ना, की हाताला काही कळतच नाही. नुसतं हलकं होतं. मी बघत राहिले, धावायचंच विसरले."

आईने तिचा धुळीचा हात धरून ठेवला. त्या दिवशी मला तिचे ओठ फार सुकलेले दिसले. मी पाणी पुढे केले, तर म्हणाली, "आत्ताच प्यायले, काकू." असे ती रोजच म्हणे. मला वाटे, मी यायच्या आधी पीत असेल.

निवडीच्या आठवड्यात भिंगरीच्या आईला थंडी वाजून ताप आला. डॉक्टर घरी आले, लघवीला संसर्ग झाला होता. त्यांनी विचारले, "पाणी का पीत नाही तुम्ही?" तिने मान फिरवली. डॉक्टर गेल्यावर नवरा हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभा राहिला.

"काकू समोर बसलेल्या असतात. त्यांना सांगायला काय झालं होतं?"

"त्यांनी मला भांडं द्यायचं? माझ्या आईच्या वयाच्या आहेत त्या."

"मग बाई ठेवू कामाला."

"परक्या बाईसमोर मला नाही जमायचं."

"मग पोरीनं करायचं काय?"

"मी कुठे अडवलंय तिला?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अडवायचं नाही म्हणून तर पाणी पीत नव्हते."

मी म्हटले, "अगं, मी माझ्या नवऱ्याचं सगळं केलं आहे. मला कसला संकोच?"

"तुम्हाला नसेल, काकू. मला आहे."

भिंगरी पलंगाच्या पायाशी उभी होती. बाहेर गेली आणि पेला भरून घेऊन आली.

ताप उतरला. निवडीच्या दिवशी वडिलांनी रजा घेतली आणि मी मॅडमबरोबर मैदानावर गेले. मैदान केवढे मोठे! ओळीने मुली येत होत्या, मारत होत्या, जात होत्या. भिंगरीचा पहिला फटका घरंगळला. दुसराही. तिसऱ्याला ती चुकली. मॅडमना तारेच्या कुंपणाबाहेरून बोलायची परवानगी नव्हती. त्या शिट्टी दातात धरून उभ्या होत्या. मग लांबून जाणारा चेंडू आला. भिंगरीचा पाय पडला, कंबर पूर्ण फिरली, हात सुटले ते सुटतच गेले. बॅट खांद्यावरून मागे गेली तेव्हा चेंडू कुठे आहे ते मला दिसलेही नाही. दूरच्या कुंपणाजवळ उभी असलेली मुलगी पाठ करून धावताना दिसली. त्यानंतर भिंगरीने आलेला प्रत्येक चेंडू मारला.

निवड झाली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

रविवारी दुपारी मॅडम पेढे नाहीत तर निदान बिस्किटे तरी म्हणून पुडा घेऊन आल्या. आम्ही सगळे त्या पलंगाभोवती बसलो. वडील म्हणाले, "मी रात्रपाळी मागतो. दिवसा मी बघेन."

"आणि झोपणार कधी?" आई म्हणाली.

"लिफ्टमध्ये. अडकली की कोणी उठवत नाही." कोणी हसले नाही. ते पुढे म्हणाले, "तिनं जायचं. ठरलं."

"जा गं," आईही म्हणाली. "खरंच जा."

भिंगरीने आईकडे बघितले. "रात्री बाबा नसताना तू काय करशील?"

"झोपेन. रात्री माणसं काय करतात?"

"संध्याकाळपासून पाणी बंद करशील."

"नाही करणार."

"माझ्याकडे बघून सांग."

आई खिडकीकडे बघत राहिली. बाहेरून कोणाचे तरी पाय गेले. एरवी ती लगेच नक्कल करायची. त्या दिवशी केली नाही.

"काकूंना हाक मारशील? एवढंच सांग. मग जाते मी."

मी वाट पाहत होते. तिने नुसते हो म्हटले असते तरी चालले असते. तिचे ओठ हललेही. पण त्या बाईला खोटे बोलता येत नाही, निदान मुलीशी नाही. ती डोळे पुसून म्हणाली, "मी प्रयत्न करीन."

"म्हणजे नाही," भिंगरी म्हणाली.

मॅडम उठल्या. "एवढा हात सुटला, आणि आता तू त्या बोळात परत—" वडिलांनी बिस्किटांचा पुडा उगाच उघडला, उगाच बंद केला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत मी थांबते. काय ते तूच सांग."

सोमवारी भिंगरी शाळेतून वेळेवर घरी आली. मॅडमना तिने शाळेतच सांगितले होते. काय सांगितले ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने पाइपाला मोजा टांगल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. तिने पवित्रा घेतला, आणि मी बघत असतानाच तिचे कोपर हळूहळू आत येत बरगडीला चिकटले. आता तिला कळत होते की ती काय करते आहे. एक फटका. दुसरा. मध्येच पेल्यावर चमचा वाजला. तिने बॅट भिंतीला टेकवली आणि आत गेली.

सोमवार, ३ मार्च. दिवसभर कडक ऊन. गव्हाला ऊन देऊन डबा भरला.