उचलून आणलेलं मशीन

लतिका सोनवणेला कचऱ्याच्या डब्यांपाशी थांबायची लाज वाटत नसे, आणि नेमकी हीच गोष्ट दुबईत अल बर्शातल्या तिच्या बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींच्या काही केल्या पचनी पडत नसे. बाई शिकलेली, डॉक्टरेट केलेली, तीही काँक्रीटमध्ये. पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा, नोकरी युनिव्हर्सिटीत, नवरा रणजित रुवैसच्या रिफायनरीत, शनिवार-रविवारी घरी येणारा. घरात कशाला म्हणून कमी नाही. आणि अशी बाई संध्याकाळी कामावरून परतली की गाडी लावते, पर्स खांद्याला अडकवते आणि बिल्डिंगच्या मागे कुणी काय टाकलंय ते बघत हिंडते! चांगलं काही दिसलं की काखोटीला मारते आणि सगळ्यांच्या देखत लिफ्टने आठव्या मजल्यावर नेते.

ही सवय अ‍ॅडलेडची. धुळ्याहून ती तिथे शिकायला गेली तेव्हा खिशात फारसं काही नव्हतं. तिथल्या वस्त्यांमध्ये लोक नको असलेलं सामान घरासमोर फुटपाथवर मांडून ठेवतात. नगरपालिकेचा ट्रक येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्याने न्यावं, असा रिवाज. लतिकाचे गाइड नामांकित प्रोफेसर, पण त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल असंच पलीकडच्या गल्लीतून आलेलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते त्याची गोष्ट रंगवून सांगत. लतिकाने आपला पहिला संसार तसाच मांडला. वीस वर्षांत खुर्च्या घासणं, खिळखिळे सांधे डिंकाने बसवणं, निखळलेल्या दिव्यांना नवी वायर घालणं हे तिच्या अंगात इतकं भिनलं, की नोकरीसाठी दुबईला येताना तिने साड्या कमी घेतल्या आणि पॉलिशपेपर जास्त.

दुबईत तर तिला खजिनाच सापडला. इथे माणूस व्हिसावर राहतो. नोकरी गेली, बदली झाली, की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मग सोफे, कपाटं, पोरांच्या सायकली, सगळं खाली येतं. मोडलं म्हणून नव्हे, माणसाची मुदत संपली म्हणून. हे लतिकाला फार लागायचं. वर्गात ती पोरांना सांगायची, की काँक्रीट नीट ओलं ठेवलं तर ते वर्षानुवर्षं घट्टच होत जातं, त्याला वेळ द्या. आणि घरी येऊन बघायची, तर दोन वर्षांचं टेबल उन्हात पडलेलं. तिचाही करार दोनच वर्षांचा होता. त्यामुळे अशी वस्तू उचलताना तिला जरा आपल्यालाच उचलल्यासारखं वाटे. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. लोक विचारत तेव्हा ती फक्त म्हणे, "चांगली होती. का टाकू?"

लोक म्हणजे मुख्यतः चंद्रहास राणे. मराठी डब्यांचा आणि केटरिंगचा धंदा, बोलायला गोड, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या रांगेत. ऑक्टोबरमध्ये तो मागच्या बिल्डिंगमधला जुना फ्लॅट सोडून इथे मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला आला, आणि आल्या आल्या त्याला लतिकाचा छंद कळला. तेव्हापासून लिफ्टमध्ये गाठ पडली की त्याचं ठरलेलं असे.

"वहिनी, आज नवीन काय आणलंत? आमचा एक मिक्सर बिघडलाय, टाकू का खाली?"

मग लिफ्टमधले बाकीचे हसत. लतिका म्हणे, "टाका की. मी दुरुस्त करून तुम्हालाच वाढदिवसाला देईन." हसणं तिथेच थांबे. तिला खरंच काही वाटत नसे.

वाटे ते अंतराला. अंतरा तिची मुलगी, पंधरा वर्षांची, अ‍ॅडलेडमध्ये जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. त्याच ऑक्टोबरात लतिकाला मागच्या बिल्डिंगच्या डब्यांशेजारी हाताने चालवायचं एक शिलाई मशीन सापडलं. बिडाचं, काळं, लाकडी बैठकीचं, धुळीने माखलेलं. ते वर आणताना अंतराने लिफ्टचं दार धरलं खरं, पण छताकडे बघत. लतिकाने ते मशीन उघडलं, जुनं चिकट तेल पुसून काढलं, नवं तेल घातलं. चाक पहिल्यांदा सुरळीत फिरलं तेव्हा ती एकटीच टाळ्या वाजवत बसली होती. पुढे घरातले सगळे पडदे तिने त्याच्यावरच शिवले.

खरा भडका उडाला तो जानेवारीत. लतिका एक खुर्ची उलटी करून डोक्यावर घेऊन येत होती आणि तेवढ्यात शाळेची बस दारात थांबली. खिडकीतून सगळ्या पोरींनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून अंतराच्या आईला शाळेत 'बिन लेडी', कचरेवाली बाई, हे नाव पडलं. अंतरा आठवडाभर आईशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा रडतच बोलली.

"मम, आय काँट लिव्ह लाइक धिस. माझ्या बर्थडेला सगळे येणारेत. प्लीज. कोणी विचारलं तर वी बॉट इट ऑल. फ्रॉम अँटिक शॉप. प्रॉमिस मी."

रडताना का होईना, पोर मराठीत बोलली होती. कुणाच्या बापाला न भिणारी लतिका तिथे विरघळली. तिने शब्द दिला. पण रात्रभर तिला तो शब्द टोचत राहिला. चोरी केली नाही, कुणाचं हिसकावलं नाही, मग खोटं का बोलायचं?

फेब्रुवारीत अंतराचा सोळावा वाढदिवस झाला. शनिवार होता, रणजित रुवैसहून आला होता. अंतराच्या मैत्रिणी होत्या, त्यांत तिची सगळ्यात जवळची कशफ. बिल्डिंगमधली चार कुटुंबं होती, आणि चंद्रहास या वेळी आपल्या आईलाही घेऊन आला होता. नर्मदाकाकू ऐंशीच्या घरातल्या, सावंतवाडीच्या. फार कुठे जात नसत. पोह्यांच्या बशा फिरत होत्या, केक अजून कापायचा होता, आणि सगळ्या घरात कौतुक चाललं होतं. दिवा छान आहे, पुस्तकांचं कपाट छान आहे. लतिका दर वेळी "अँटिकच्या दुकानातून" म्हणत होती आणि दर वेळी तिला पोहे कडू लागत होते.

नर्मदाकाकू सोफ्यावर टेकल्या होत्या. अचानक त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"हे कुठून आणलंस गं?"

"अँटिकच्या दुकानातून, काकू."

"माझं अस्संच होतं." त्यांनी चाकाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "असंच काय, हेच. बर दुबई भागात मीना बाजारच्या मागे एका खोलीत राहायचो तेव्हा आख्ख्या गल्लीचे ब्लाऊज मी याच्यावर शिवले. या चंद्रहासच्या पहिल्या डब्यांची भांडीसुद्धा त्यातूनच आली."

चंद्रहास बशी ठेवून लगबगीने पुढे आला. "आई, तुझं मशीन कार्गोने गावी गेलं ना? मी स्वतः पाठवलं. विसरलीस?" मग तो बाकीच्यांकडे वळला आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हल्ली जरा तसंच होतंय तिचं. एज. परवा गॅस भी खुला छोड़ दिया था."

चार जणांनी च्च केलं. काकूंनी चाकावरचा हात काढून घेतला.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "हल्ली माझं मलाच कळत नाही." आणि स्वतःच्या हाताकडे अशा बघत राहिल्या, की जणू त्या हातानेच त्यांना फसवलं होतं.

लतिकाला भयंकर राग आला. चंद्रहासचा आला, त्याहून स्वतःचा आला. शहाणीसुरती म्हातारी तिच्या डोळ्यांदेखत वेडी ठरत होती, आणि त्याला लतिकाच्या अँटिकच्या दुकानाने हातभार लावला होता. तिने केकशेजारी उभ्या असलेल्या अंतराकडे पाहिलं. अंतराला आईचा चेहरा चांगला ओळखता येई. तिने मान हलवली. नको. प्लीज, नको.

लतिकाने ते पाहिलं आणि तरीही ती बोलली.

"काकू, मी खोटं बोलले. हे मी विकत घेतलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये मागच्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी पडलेलं होतं. मी उचलून आणलं."

मैत्रिणींपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो वहिनी," चंद्रहास म्हणाला, "अशी मशिनं दुबईत छप्पन असतील. खलास, सोडा ना तो विषय. केक कापू या, यल्ला!"

"काकू," लतिकाने त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या मशीनची काही खूण होती?"

काकू गोंधळल्या. आधी मुलाकडे, मग मशीनकडे बघून त्या सावकाश म्हणाल्या, "डुगडुगायचं ते. म्हणून मी बैठकीखाली मागच्या डाव्या कोपऱ्यात पंचवीस फिल्सचं नाणं चिकटवलं होतं. हरणाच्या छापाचं."

लतिकाला ते नाणं माहीत होतं. मशीन साफ करताना ते तिने पाहिलं होतं, आणि ज्याने कुणी बसवलं त्याच्या अकलेला दाद देऊन तसंच ठेवलं होतं. पण तिने सांगून काय उपयोग? ते दिसायला हवं होतं. मशीन जड, बिडाचं. रणजित पुढे सरकला, पण त्याच्या आधी दोन हात मशीनखाली गेले. ते अंतराचे होते. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, पण तिने मशीन एका बाजूला कलतं केलं आणि बैठकीची खालची बाजू सगळ्यांकडे वळवली. मागच्या डाव्या कोपऱ्यात नाणं होतं. त्यावरचं हरीण घासून पुसट झालं होतं, तरी ते हरीणच होतं.

"शी इज राइट," अंतरा चंद्रहासला म्हणाली. "शी रिमेंबर्स परफेक्टली."

चंद्रहासचा गोडवा कुठल्या कुठे गेला. "आई, नवीन घरात जागा नव्हती गं. तुला वाईट वाटेल म्हणून गावी पाठवलं म्हटलं. आठशे दिरहामला नवीन इलेक्ट्रिकचं येतं, म्हणजे आपले एकोणीस-वीस हजार. उद्याच आणतो."

"मशीनचं नाही रे," नर्मदाकाकू म्हणाल्या. "टाकलंस, टाकलंस. पण चारचौघांत मला वेडी ठरवलंस. आणि मी मानलंही होतं."

मध्येच बोलली ती कशफ, तीही अगदी निरागसपणे.

"सो... द लॅम्प टू, अंतरा?"

अंतराने मशीन खाली ठेवलं, हात झटकले, आणि आईसारखीच हनुवटी वर केली.

"द लॅम्प टू. द बुकशेल्फ टू. अँड द चेअर यू आर सिटिंग ऑन. ती माझ्या आईने डोक्यावरून आणली. यू ऑल सॉ इट फ्रॉम द बस, रिमेंबर?"

कशफने खाली वाकून खुर्चीचे पाय बघितले. "इट्स रिअली नाइस," ती म्हणाली, आणि उठली नाही.

लतिकाला रडू येत होतं, म्हणून ती सुरी आणायला स्वयंपाकघरात गेली.

निघताना रणजितने मशीन खाली पोचवायची तयारी दाखवली, तर नर्मदाकाकूंनी साफ नकार दिला. "आमच्या घरातून त्याला एकदा बाहेर काढलंय. आता इथेच राहू दे. मीच येत जाईन, चालेल ना गं?"

"हवं तेव्हा या, काकू," लतिका म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने अंतराला म्हटलं, "मी शब्द मोडला. पण माफी मागणार नाही."

"आय नो," अंतरा म्हणाली. मग तिनेच विचारलं, "मम, त्या खऱ्याच विसरायला लागल्या असत्या ना, इफ यू हॅड केप्ट क्वाएट?"

पुढच्या शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात नर्मदाकाकू होत्या, हातात कात्री आणि दोऱ्यांची पिशवी. त्यांच्या मागे चंद्रहास, घामाघूम, खांद्यावर तीन पायांचं एक लाकडी स्टूल. त्याच्याही मागे लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत शेजारची दोन कुटुंबं उभी होती.

"खाली डब्यांपाशी पडलं होतं," काकू आत येत म्हणाल्या. "मशीनला बसायला बरोबर उंचीचं आहे. चौथा पाय तू बसवशीलच. याला म्हटलं, उचल."

लिफ्ट बंद व्हायच्या आत लतिकाने चांगला खणखणीत आवाज लावला.

"चंद्रहासभाऊ, आज नवीन काय आणलंत?"

लिफ्टमधले सगळे कान देऊन उभे होते. चंद्रहासने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होती.

"स्टूल," तो म्हणाला.