तोंड तेवढं राहिलंय

आमच्या थोरल्या वन्संइतकी वाईट चित्रं जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत दुसरं कुणी काढत नसेल, आणि इतकी मन लावून तर नाहीच नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. उभा जन्म मोखाड्याकडच्या पाड्यांवर नर्स म्हणून काढला, पोरांना लसी टोचल्या, बायकांची बाळंतपणं केली, आणि निवृत्त झाल्यावर जव्हारला आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. पहिला महिनाभर त्यांनी माझ्या स्वयंपाकात लक्ष घातलं. मग कुणा भाच्याने मोबाइलवर चित्रकला शिकवणारे व्हिडिओ लावून दिले आणि माझा स्वयंपाक वाचला. तेव्हापासून घरातली वस्तू हलवायची म्हटलं की मात्र वन्संची परवानगी लागते.

व्हिडिओतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, रोजच्या वापरातलं काढा आणि जे दिसतं तेच काढा. वन्संनी हे वाक्य सरकारी आदेशासारखं पाळलं. पहिला बळी दुधीचा. तो ओट्यावर बसला तो बसलाच. मी विळी घेतली की मागच्या खोलीतून आवाज यायचा, "कापू नकोस, सावली राहिलीय!" सावली होईपर्यंत दुधी एका अंगाने काळा पडला, तर वन्संनी चित्रातलाही काळा केला. मग चहाचा कप. घोट घेतला तर पातळी बदलते, म्हणून माझ्या नवऱ्याला भरल्या कपासमोर नुसतं बसवून ठेवलं. चहावर साय धरली. "आली ती आली," म्हणत वन्संनी साय रंगवली. चित्र बघून शेजारीण म्हणाली, "विहीर छान आलीय हो." वन्संनी त्या बाईला पुन्हा कधी साखर उसनी दिली नाही. साखर माझी होती, हा भाग वेगळा.

वस्तू संपल्या तेव्हा त्या माणसांकडे वळल्या, आणि तिथे खरी पंचाईत झाली. वन्सं माणूस काढायला लागतात ते पायांकडून. पाय, मग लुगडं, मग हात, मग मागची भिंत, कोपऱ्यातली केरसुणी, असं करत तोंड सगळ्यांत शेवटी. "घाईत तोंड बिघडतं," असं त्यांचं शास्त्र. पण घाई नसली तरी वेळ मात्र इतका लागतो, की तोंड यायच्या आत माणूस उठून जातो. माझा नवरा भिंतीवर कॉलरपर्यंत आहे. पाहुणे विचारतात हे कोण, तर वन्सं शांतपणे म्हणतात, "हाच की. तोंड तेवढं राहिलंय." मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा त्या खालून वर येत येत माझ्या मानेपर्यंत पोचल्या आणि पहिल्या हनुवटीच्या आधी दुसरी हनुवटी काढून मोकळ्या झाल्या. मी उठले ती आजपर्यंत परत बसलेले नाही. मागच्या खोलीत अशी बिनतोंडाची इतकी मंडळी टांगलेली आहेत, की दिवे गेल्यावर तिकडे जायची माझी छाती होत नाही. वन्संना मात्र एकच ध्यास. मरायच्या आत एक तरी तोंड पुरं व्हावं. हे त्या जेवताना म्हणायच्या, देवापुढे म्हणायच्या, आणि माझ्याकडे बघून जरा जास्तच मोठ्याने म्हणायच्या.

घरातलं गिऱ्हाईक संपल्यावर त्यांनी पोशेऱ्याकडचे पाडे धरले. पिशवी तीच, नोकरीतली. त्यामुळे त्या जीपमधून उतरल्या की पाड्यावरची पोरं रानात पळायची. "अरे, सुई नाही, चित्र आहे!" असं वन्सं ओरडायच्या, पण इतकी वर्षं "काही दुखत नाही" असंही त्याच सांगत आल्या होत्या, तेव्हा विश्वास कोण ठेवणार? एका म्हाताऱ्याने तर सरळ बाही वर केली आणि म्हणाला, "टोच, नि जा."

बसायला तयार झाली ती एकटी मंजी. तिलाही वन्संच्याच हातची सुई होती आणि तिच्या दोन्ही पोरांनाही. दारात सूप घेऊन नागली पाखडताना तिला तशीही बसायचंच होतं. भाताची कापणी उरकल्यावर वन्संनी सुरुवात केली. सूप झालं, बांगड्या झाल्या, उंबरा झाला, मध्ये कोंबडी आली म्हणून कोंबडी झाली. उद्या तोंड, असं ठरवून त्या घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या, तर वीटभट्टीवर न्यायला आलेली पिकअप दारात उभी. मंजीने भांड्यांचं बोचकं वर चढवलं आणि चित्रात डोकावून बघितलं. "बाय, कोंबडीला तोंड दिलास नि मला नाय?" ती हसली. "होळीला येन मी. तवा काढ."

हिवाळाभर वन्संनी दुसरं काही काढलं नाही. चित्राला झुरळ लागू नये म्हणून माझी नवी उशीची खोळ घेतली. होळी आली तशी मला बरोबर ओढलं, छत्री धरायला. चित्रावर ऊन पडता कामा नये, माझ्यावर पडलं तर चालतं.

मंजी आली होती. केस विंचरून, पदर नीट करून बसली. वन्संनी चेहऱ्याचा रंग कालवला, कागदाच्या तुकड्यावर लावला, तिच्याकडे बघितलं, पुसला. पुन्हा कालवला. बराच वेळ हेच. शेवटी मला राहवेना. "वन्सं, तांबडा घाला जरा. माणूस आहे, कणकेचा गोळा नाही."

"कुठे दिसतोय तुला तांबडा?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दाखव ना मला."

मग ब्रश ठेवून उठल्या आणि मंजीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आतून पांढरी. नखं बघितली, जीभ बघितली.

"धाप लागते?"

"चढावर लागतं थोडा."

"कधीपासून?"

"भट्टीवं होतू तवापास्ना. तोंड काढ ना, बाय."

"नाही. अशी नाही काढायची मला तू."

"पण जे दिसतं तेच..." मी म्हणायला गेले.

"तू गप्प बस आणि जीप थांबव," वन्सं म्हणाल्या.

जव्हारच्या दवाखान्यात मंजीला रक्त चढवलं. डॉक्टरांनी बऱ्याच महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. वन्संनी तिला बजावलं, "बाजाराला आलीस की आमच्याकडे यायचं. रंग जमला की तोंड काढते." मंजी येऊ लागली. मागच्या खोलीत स्टुलावर बसायची, वन्सं पापणी ओढून बघायच्या, थोडा रंग कालवायच्या, "अजून नाही" म्हणायच्या आणि गोळ्यांचं पाकीट हातात ठेवून चहा पाजून पाठवायच्या.

आता पाऊस सरत आलाय. लावणी करूनही मंजी टवटवीत दिसते, हे मला, चष्मा लावणाऱ्या बाईलाही दिसतं. एका बाजाराला ती येऊन गेल्यावर मी वन्संना म्हटलं, "आज तर रंग अगदी जमला होता. का नाही काढलंत?"

वन्सं ब्रश पुसत होत्या. ब्रश कोरडाच होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"जमला होता गं," त्या म्हणाल्या. "पण माणसाला जरा बरं वाटलं की गोळ्या आधी सुटतात, जन्मभर हेच बघितलं मी. तोंड पुरं झालं, की ही बसायला कशाला येईल?"

मला त्या क्षणी त्यांची फार माया आली, आणि ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला लगेच स्टुलावर बसवलं असतं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. पुढच्या बाजाराला मंजी आली. चेहरा धुऊन आली होती, टिकली लावून आली होती. वन्संनी तिच्याकडे पोटभर बघून घेतलं आणि म्हणाल्या, "अजून नाही."