माझा नवरा आपांचं ऐकायचा

आपा गेल्याचं यांनीच सांगितलं. एरवी मी सोबत असायची, त्या दिवशी एकटेच गेले होते. डायलिसिसहून चिकलठाण्याला घरी आले, चप्पल न काढता उंबऱ्यातच बसले. ‘आपा गेल्या गं...’ म्हणाले आणि ढसाढसा रडले. माझी आई गेली तेव्हा या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं. खरं सांगते, मला आधी तेच आठवलं.

आपा उर्दू शाळेतल्या निवृत्त बाई. डायलिसिसला यांच्या शेजारच्या पलंगावर असायच्या. मशीन चालू असेतोवर दोघांच्या गप्पा. माझ्याशी मात्र जेवणाआधी ‘वाढ’ आणि नंतर ‘उचल’, संपलं!

एकदा एक डॉक्टरीण मुलगी आली. पेशंटला स्वतःच्या आजाराचं कितपत कळतं, ते प्रश्न विचारून मोजत होती. ‘दिवसाला पाणी किती पिता, काका?’

‘दोन गिलास. लई झालं,’ हे ऐटीत म्हणाले. मुलगी खूश.

पलीकडून आपांनी विचारलं, ‘और चाय, भाऊ? वरण? छाछ?’

‘ते कुठं पाणी हाय?’

‘फिर छाछ में क्या रेत रहती?’

सगळे हसले, हेही हसले. त्या दिवसापासून ताक बंद! अहो, मी तरी दुसरं काय सांगत होते? तर मला ‘तुला काय कळतं’ म्हणून पेला पुढं करायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यांची सूज उतरली, धाप कमी झाली. सोयगावची नणंद भेटायला आली तर तिला म्हणाले, ‘आपांमुळं जगलो.’ रोज अळणी भाजी रांधणारी मी तिथंच उभी होते. आणि आपा तरी कशा... मला ‘भाभी’ म्हणून जवळ बसवायच्या. ईदला शीरखुर्मा पाठवला तोही फक्त माझ्यासाठी, यांना चाखू देऊ नको असं बजावून. धड राग तरी कसा धरायचा!

आपा गेल्यावर यांनी डायलिसिसच सोडलं. ‘आता तिथं कोण हाय?’ म्हणायचे. मग मी कोण होते? तोंड पुन्हा सुजलं, रात्री आडवं होता येईना. मी भांडले, रडले, पोरांची शपथ घातली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दिरांनी धरूनच रिक्षात बसवलं.

आपांच्या पलंगावर एक नवीन बाई होत्या, भेदरलेल्या. ‘भाऊ, सुई लई दुखती का हो?’ त्यांनी विचारलं. आणि हे जे बोलायला लागले, ते मशीन थांबेपर्यंत.

घरी येताना स्वतःहून म्हणाले, ‘परवा लवकर निघू. घरचे त्या बाईला नारळपाणी पाजतायत, थांबवायला पाहिजे.’

म्हणजे आता हिच्यावर जळणं आलं. जळीन की! माणूस जिवंत असला तर जळायचं.