जुईच्या खोलीतली खोकी

बदलीच्या नोकरीत सामान हरवत जातं, किस्से मात्र साचत जातात. यांची विमा कंपनीतली नोकरी, त्यामुळे सातारा सोडल्यापासून जयपूर हे आमचं चौथं गाव. इथल्या सोडाला भागातल्या या फ्लॅटवर येऊन दीड वर्ष झालं, आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या जुईचे! जुई म्हणजे आमची आठवीतली लेक.

सहामाहीत तिला गणितात ऐंशीपैकी एकोणीस पडले. माझा पारा चढला. हे मात्र शांत. "ओरडू नकोस, लेखी खुलासा मागू." ऑफिसात मागतात तसा! संध्याकाळी जुईने कागद आणून दिला. "सविनय निवेदन है कि उक्त विषय में मेरी रुचि नहीं है। कृपया फाइल बंद करें।" यांनी तो दोनदा वाचला.

"ड्राफ्टिंग उत्तम आहे गं!"

मी दोघांवरही भडकले.

मग सायकलीचं आमिष. साठ मार्क आण, गिअरवाली सायकल घे! "आणि मागची कुठंय?" जुईने विचारलं. मागची नागपूर सोडताना ट्रकमध्ये मावली नाही म्हणून शेजाऱ्यांना देऊन आलो होतो. ऑफर तिथंच बारगळली.

पेरेंट्स मीटिंगला तर कहर! मॅडम म्हणाल्या, "दिमाग तो है, मन नहीं लगाती. ऐसा चला तो नौवीं में नहीं भेज पाएँगे." मी म्हटलं, हिला एखाद्या मैत्रिणीबरोबर अभ्यासाला बसवते. "तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"आहे एक लडकी. नाव माहीत नाही."

दीड वर्ष एका बाकावर, आणि नाव माहीत नाही!

परतताना ऑटोत मी तोंड सोडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आई, नावं कशाला पाठ करू? मतलब, पुढच्या शाळेत परत दुसरीच." एकोणीस मार्कांचा राग कुठल्या कुठे गेला.

घरी आल्यावर तिच्या खोलीत गेले. खिडकीपाशी शिफ्टिंगची रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली. 'काच, सांभाळून', 'देव', 'जुई पुस्तकं'. बदलीवाल्यांच्या घरात खोकी कुणी टाकत नाही, पुन्हा लागतातच.

जेवताना मी सांगून टाकलं, "जुईची दहावी होईपर्यंत जयपूर. प्रमोशन आलं तरी नको म्हणा." प्रमोशन म्हणजे बदली ठरलेली. यांनी भातावर आणखी एक पळी वरण ओतून घेतलं.

"बरं. नको म्हणतो."

जुईने मान वर केली. "बाबा, लेखी द्या!"

दिलं की! सही करून, तारीख घालून.

रविवारी सकाळी खालून कबाडीवाल्याची हाक आली, आणि जुई खोकी ओढत जिन्याकडे निघाली. "भैया, रुको! सारे ले जाओ!" हे तोंडात ब्रश धरूनच धावले.

"अगं, कुठं नेतेस? लागतात ती!"

"खिडकीपाशी जागा हवीय बाबा. टेबल ठेवायचंय. प्राची येतेय गणित करायला."

"कोण प्राची?"

"माझ्या बाकावरची!"