खिशातली चार मॅन्टलं
काल मुलीच्या शाळेत पणतीपासून एलईडीपर्यंतचे दिवे मांडले होते, आणि जुन्या गॅसबत्तीच्या रॉकेलचा वास येताच मला मंगळवार पेठेतली मावशीच्या हळदीची संध्याकाळ आठवली. ऐन वेळी लाइट गेली, तसे शेजारचे मंडपवाले आजोबा गॅसबत्ती घेऊन आले. तिचं जाळीचं मॅन्टल एकदा पेटलं की नुसती राखेची जाळी उरते; उजेड तीच देते, पण जरा हिसका बसला की गळून पडते. टुरेट नावाच्या मज्जाविकारामुळे माझा खांदा मधूनच उडायचा, म्हणून घरात मला कुणी साधा कंदीलही धरू देत नसे. आजोबांनी मात्र बत्ती माझ्याच हातात दिली. अंगण लख्ख उजळलं, मी श्वास रोखून उभी राहिले, आणि खांदा उडालाच. मॅन्टल पडलं. मी रडवेली झाले, तर आजोबा म्हणाले, "पडतंयच की ते. म्हणून तर खिशात चार घिऊन फिरतोय." त्यांनी दुसरं बांधलं, हवा भरली आणि बत्ती पुन्हा मलाच दिली. आणखी दोन पडली. चौथ्याच्या उजेडात मावशीला हळद लागली, आणि सगळ्या बायका हसून हसून दमल्या, मीसुद्धा. काल शाळेतही खांदा उडाला, शेजारी उभ्या असलेल्या एक बाई दचकल्या. "उडतोयच की तो," मी म्हटलं, आणि मुलीनं गॅसबत्ती उचलून माझ्या हातात दिली.