विमानाने येणारा मुलगा

माझ्या थोरल्या भावाने पुण्यात नोकरी सांभाळून खासगी वैमानिकाचा परवाना काढला. ही बातमी पूर्णगडच्या आमच्या वाडीत आईनेच घरोघरी पोचवली. "आता तासाभरात येणार हो तो. घाट नको नि खड्डे नकोत," असं ती सांगत सुटली. दादाही तेव्हापासून फोनवर आवाज जड करून बोलू लागला. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

परवाना मिळाला म्हणून विमान मिळत नाही, हे आम्हाला हळूहळू कळलं. विमान फ्लाइंग क्लबचं, भाड्याने घ्यायचं, तेही दुसऱ्या कोणी आधी अडवलं नसेल तर. ढगात शिरायचं नाही, म्हणजे पावसाळा बाद. काळोखात उडायचं नाही. रत्नागिरीत उतरायला आधी परवानगी हवी, आणि उतरल्यावर पूर्णगडपर्यंत यायला रिक्षा. मग उजेड आहे तोवर परत पुणं गाठायचं. एवढ्यात घरी चहा झाला तरी नशीब.

आईने पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्यासाठी हापूसची पेटी, कुळथाचं पीठ आणि एक कापा फणस काढून ठेवला. दादा फोनवर म्हणाला, "आई, एवढं वजन नाही चालणार." आंब्याची पेटी नाकारणारं वाहन कोकणात आणायचं कशाला, हे मला आजतागायत समजलेलं नाही. फणस मांडीवर घेऊन माणसं एसटीने पुण्याला जातात, कंडक्टर हूं की चूं करत नाही.

शेवटी त्या उन्हाळ्यात विमान जमलंच नाही आणि दादाही आला नाही. पूर्वी तो शिमग्याला रात्रीच्या एसटीने मुकाट यायचा. ग्रामदेवतेची पालखी दारात आली की खांद्यावर घ्यायचा आणि आई देवीची ओटी भरायची. आता एसटीतून उतरला तर स्टँडवरच कोणीतरी "काय पायलट?" म्हणून हसणार, ही त्याला धास्ती. मग शिमग्याला फोन यायचा, "हवा बरोबर नाही." शिमग्यात! आभाळात औषधालासुद्धा ढग नसतो तेव्हा.

वडील गेल्यापासून पालखीसमोर घरचा पुरुष तोच. तो येईना, म्हणून शेजारचे काका उभे राहू लागले. आई तक्रार करत नसे, पण ओटी भरताना तिचं लक्ष रस्त्याकडे असायचं. ती थकत चालली होती, जिना कठडा धरून चढायची. पुढच्या शिमग्याला ती दारात उभी राहू शकेल की नाही, या विचाराने मला झोप लागेना.

यंदा मी त्याला चांगलं झापायला फोन लावला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हे बघ बाबू, तू आपला एसटीने ये. उजाडायच्या आत घरात शीर, म्हणजे कोण बघायचा नाही. कोणी विचारलंन तर मी सांगेन, विमानाने आलाय म्हणून."

तो आला, अगदी तिने सांगितलं तसा. दुपारी ढोल वाजवत पालखी दारात आली, त्याने ती खांद्यावर घेतली. आईच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कैक दिवसांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात काकांनी विचारलं, "कधी आलास रे? विमान कुठं ठेवलंस?"

"रत्नागिरीस ठेवलंय," आई म्हणाली. ओटीचं ताट हातात, समोर देवी.

मी दादाकडे बघत राहिले. "नाही काका, एसटीने आलो," एवढं त्याने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याने दांडा नीट खांद्यावर घेतला आणि पालखी नाचवायला सुरुवात केली.